पत्र्याच्या मागचं नाव

“ओ अक्का, जरा हे टोक धरता का?”

कलबुर्गीकडच्या आळंदच्या मार्केट यार्डात मला अक्का म्हणणारे पुष्कळ आहेत. हमाल म्हणतात, मापाडी म्हणतात, तुरी घेऊन येणारे आजोबांच्या वयाचे शेतकरीही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण कानावर ब्रश खोचून शिडीवरून खाली वाकलेला हा माणूस माझ्याच वयाचा होता. त्याच्या तोंडून अक्का ऐकलं आणि ते मी लगेच त्याच्या नावे मांडून ठेवलं.

“अक्का म्हणालात तर टोक सोडून देईन,” मी म्हणाले.

“मग काय म्हणू?”

“काहीच म्हणू नका. टोक धरायला हाक कशाला लागतीय?”

निळीच्या पुडीत घोळवलेलं सूत होतं. एक टोक त्यानं अंगठ्यानं भिंतीला दाबून धरलं होतं, दुसरं वाऱ्यावर उडून माझ्या ओढणीशी चाळे करत होतं. आमच्या शेजारच्या बियाण्यांच्या दुकानाची पाटी लिहायची होती. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सरळ मारायची तर सुताला दोन माणसं लागतात, आणि त्याच्याकडे तो एकटाच होता. मी अण्णांचा डबा कट्ट्यावर ठेवला आणि टोक धरलं. त्यानं सूत चिमटीत ओढून सोडलं — फट्. भिंतीवर निळी रेघ उठली आणि निळीचा धुरळा नाकात जाऊन मला शिंक आली.

“रेघ हलली,” तो म्हणाला.

“शिंक नंतर आली. आधी तुमचा हात हलला.”

“माझा कामून हलंल?”

आता ताणलेल्या सुताचं असं असतं, की एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळतं. त्याचे कानही लाल झाले होते, आणि त्याला थंडी हे कारण पुरेसं नव्हतं.

तेवढ्यात मी मागं वळून बघितलं. अण्णा दुकानात गादीवर बसले होते. त्यांच्या चष्म्यावर ऊन चमकत होतं, त्यामुळे ते इकडे बघतायत की तुरीच्या ढिगाकडे, ते कळायला मार्ग नव्हता. मी टोक सोडलं, डबा उचलला आणि दुकानात गेले.

अण्णा म्हणजे अंकुशराव, माझे वडील, यार्डातले जुने अडते. ते ओरडत नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचा अंदाज घेता येतो. अण्णा गप्प होतात, आणि ती शांतता घरभर फिरते. माझी चुलत बहीण ज्योती बसस्टँडवर एका मुलाशी बोलताना कुणाला तरी दिसली. बघणाऱ्यानं घरी सांगितलं, काकांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा तिथं बसले, ऐकलं आणि नुसती मान हलवली. तुरीचा हंगाम संपायच्या आत ज्योती उदगीरला नांदायला गेली. आता फोनवर ती फक्त भाजी काय केलीस ते विचारते. मी बी.कॉम. होऊन अण्णांच्या दुकानात बसते, हिशेब बघते, माणसंही बघते; हे सगळं मानेच्या एका हलण्यानं बंद होऊ शकतं हे मला ठाऊक होतं.

शिडीवरचा तो प्रभुलिंग. त्याचे वडील वीरभद्रप्पा हयात असताना यार्डातल्या पोत्यांसाठी पत्र्याचे साचे कापायचे. पोत्यावर साचा ठेवायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, दुकानाचं नाव उमटतं. पत्रा छिन्नीनं कापायचा, आणि छिन्नीला गोल वळता येत नाही. म्हणून वीरभद्रप्पांची अक्षरं सगळी कोनाकोनाची. जाड, ठसठशीत, सुताराच्या वाकसानं तासल्यासारखी, आणि कुठंतरी हात अडखळल्याची खूण ठेवलेली. प्रभुलिंगनं तेच वळण ब्रशवर आणलं. आळंदच्या बाजारात पाटीवर नजर टाकली की कुणीही सांगायचं, ही वीरभद्रप्पाच्या पोराची.

पण पाट्या कमी झाल्या होत्या. सगळ्यांना फ्लेक्स पाहिजे. सकाळी सांगितलं, दुपारी टांगलं.

माझी मैत्रीण सुधारानी तसलंच दुकान चालवते. तिच्याकडे बसून मी एकदा म्हणाले की तुझ्या सगळ्या फ्लेक्सची अक्षरं एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसतात. ती म्हणाली, मग दुसरी आण कुठून तरी. कुठून आणायची ते मला बोलताबोलताच सुचलं होतं. चांगल्या कल्पना मला नेहमी माझ्या सोयीच्या येतात.

अशी आमची दुपार सुरू झाली. अण्णा जेवून पडले की मी सुधारानीकडे जायचे, प्रभुलिंग यायचा. तो खाकी कागदावर एकेक अक्षर रंगवायचा, आम्ही त्याचा फोटो काढायचो, आणि त्याचा फॉन्ट बनवायला मी ते कॉम्प्युटरवर कडेकडेनं गिरवायचे. सुधारानी मध्ये बसायची. ती मध्ये बसते म्हणून मी येते, असं आम्ही तिघांनी धरून चाललो होतो.

‘ळ’नं फार छळलं. दोन गोल पोटांचं अक्षर, त्याला कोन कुठून आणायचे? त्यानं कितीतरी कागद वाया घालवले.

“आळंदमध्ये ळ नसता तर किती बरं झालं असतं,” तो म्हणाला.

“मग गाव बदला.”

“गाव बदललं तर टोक कोण धरंल?”

सुधारानीला एकाएकी पाणी प्यायची आठवण झाली आणि ती आत गेली. मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. टर्पेंटाइनचा वास आला, आणि बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला. आम्ही दोघं असे दचकून लांब झालो, की खुर्ची पडली. बाहेर फ्लेक्स न्यायला आलेलं गिऱ्हाईक होतं. मी खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

“ह्या ळची कड वाकडी आलीय,” तो मग हळूच म्हणाला. “सरळ करा.”

“राहू द्या. हाताचं वाटतं.”

एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. पहिल्या दिवशी मी म्हणाले होते की काहीच म्हणू नका, आणि त्यानं ते शब्दशः पाळलं. अक्का नाही, मॅडम नाही, आणि नाव तर नाहीच. ‘इकडं बघा’, ‘हे धरा’, ‘जायलाव का’. कुणी इतक्या कसोशीनं माझं नाव टाळलं नव्हतं. एकदा मी छेडलं, की माझं नाव तरी ठाऊक आहे का? तो ब्रश धूत म्हणाला, “ठाऊक हाय. तोंडात आलं की बाहेर कुणी ऐकंल असं वाटतंय.” मग स्वतःच पुढं म्हणाला, त्याच्या अप्पांनीही आईचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. पण प्रत्येक साचा कापून झाला की पत्र्याच्या मागल्या बाजूला खिळ्यानं बारीक ‘गंगव्वा’ कोरायचे. पोत्यावर उमटायचं दुकानदाराचं नाव. मागचं नाव पत्र्यालाच ठाऊक.

आम्ही मराठे, ते लिंगायत. दोन्ही घरांत भाकरी तीच, शेंगाची चटणी तीच, बोलण्यात निम्मं कन्नड तेच. पण लग्नाची गोष्ट निघाली की दोन्ही घरं एकमेकांना ओळखत नाहीत. हे आम्ही कधी बोललो नाही. बोलायची वेळ येईल याचीच भीती होती.

फॉन्ट झाला. सुधारानीनं ओळखीच्या दुकानांना पाठवला, त्यांनी पुढं पाठवला. बघता बघता आळंदपासून मन्नाएखेळ्ळीपर्यंत जत्रांचे, वाढदिवसांचे, बियाण्यांचे फ्लेक्स त्याच कोनदार अक्षरांत बोलायला लागले. मला वाटायचं, रस्त्यावर सगळीकडं तोच उभा आहे. त्या दिवसांत मी जरा बेसावध झाले. माझ्यासारखीनं व्हायला नको होतं.

एके दिवशी सुधारानीनं मला बोलावलं आणि स्क्रीनवर फॉन्टची नावं उघडली. खाली खाली जात तिचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं: दीपमाला.

ते माझं नाव आहे.

“मला म्हणाला, नावाची जागा रिकामी हाय, मी घालतो,” सुधारानी रडवेली झाली होती. “काय घातला ते मी बघितलेच न्हाई गं. तसंच पाठवून दिले.”

प्रभुलिंग आला तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ती ओळ दाखवली. त्याला आधी कळेचना.

“हे… हे बाहेर दिसतंय?”

“प्रत्येक दुकानात. प्रत्येक कॉम्प्युटरवर. अक्षर निवडायला बसलेल्या प्रत्येक माणसाला.”

“मला वाटलं हे मागल्या बाजूचं हाय,” तो म्हणाला. “पत्र्यासारखं. छापल्यावर दिसतच न्हाई, मग…”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडण्याची सगळी तयारीही झाली होती. पण कुणी आपलं नाव अशा ठिकाणी लिहिलं, जिथं कुणालाच दिसणार नाही अशी त्याची खात्री होती, तर त्या माणसावर ओरडायचं कसं? मी फक्त ज्योतीचं नाव घेतलं. तिचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. तो उठला, मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

तो गावोगाव फिरला. दुकानात शिरायचा, सांगायचा की अक्षरात चूक राहिलीय, नवीन घ्या. जुनं पुसायचा, नवीन घालायचा. नव्याचं नाव त्यानं ‘आळंद’ ठेवलं होतं. धुळीनं पांढरा होऊन परत यायचा, आणि सुधारानीच्या दारातूनच मान हलवायचा: झालं. पण फोनवरून फोनवर गेलेली वस्तू कुठं कुठं गेली याचा पत्ता त्याच्याकडं नव्हता, आणि माझ्याकडंही नव्हता. रस्त्यात नवा फ्लेक्स दिसला की मला वाटायचं, हा करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर मी आहे. अण्णांचा फोन वाजला की मी हिशेब चुकायचे. मी हिशेब चुकते म्हणजे काय, ते आमच्या घरी विचारा; आई मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती.

मग एका सकाळी अण्णा म्हणाले, “दुकानाची पाटी पार उडाली. फ्लेक्स करून घिऊ. चल, तू अक्षर निवड.”

मी म्हणाले, सुधारानीकडे जाऊ. ते म्हणाले, बसस्टँडसमोर नवीन दुकान झालंय, जवळ पडतं. मी म्हणाले, उद्या जाऊ. त्यांनी चपला घातल्या होत्या.

त्या दुकानात मी याआधी पाऊल ठेवलं नव्हतं. प्रभुलिंगनं ठेवलं होतं का? आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. ऑपरेटर अनोळखी होता, उत्साही होता. त्यानं अण्णांना खुर्ची दिली, ‘अंकुशराव’ टाइप केलं आणि एकेक अक्षर लावून दाखवायला लागला. अण्णा मान हलवत राहिले. बारीक आहे. नटवं आहे. लग्नपत्रिकेसारखं दिसतंय. नावांची यादी खाली सरकत होती.

“मग हे बघा काका,” तो म्हणाला. “सध्या समदे हेच मागायलेत. दीपमाला.”

स्क्रीनवर माझ्या वडिलांचं नाव त्या कोनाकोनाच्या अक्षरांत उभं राहिलं.

अण्णा पुढं झुकले. आधी अक्षरं बघितली, मग बाजूची ओळ वाचली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली. माझ्याकडं बघितलं नाही.

“हे कुणी केलं?”

“आपल्या आळंदचाच पेंटर हाय म्हणतेत. प्रभुलिंग का कोण.”

“फ्लेक्स नको,” अण्णा उठले. “हातानंच लिवून घेतो.”

घरापर्यंत ते बोलले नाहीत. जेवताना बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या मी पुढं केला तो त्यांनी घेतला, आणि ती शांतता घरभर फिरायला लागली. स्वयंपाकघरात गेली, देवघरात गेली, शेवटी माझ्या उशाशी येऊन बसली. मी प्रभुलिंगला निरोप पाठवला: अण्णांना कळलंय. बोलावलं तरी येऊ नका. थोडे दिवस कलबुर्गीला निघून जा. उत्तर आलं नाही. उत्तर न येण्याचे जितके अर्थ असतात ते सगळे मी लावून बघितले. त्यातला एकही मला झोप देणारा नव्हता.

सकाळी यार्डात गेले तर दुकानापुढं शिडी लागलेली.

तो आला होता. पांढरा रंग मारून भिंत वाळली होती, निळीची वाटी कट्ट्यावर होती. मी येऊ नका म्हणाले आणि तो आला. पहिल्यांदाच त्यानं माझं ऐकलं नव्हतं, आणि मी ते त्याच्या खाती जमा धरलं.

मी पुढं होणार तेवढ्यात अण्णांनी सुताचं टोक स्वतः हातात घेतलं. ते एका बाजूला, शिडीवर प्रभुलिंग दुसऱ्या बाजूला, मध्ये सूत ताणलेलं. मी दाराशी खांब धरून उभी.

“माझ्या लेकीचं नाव तू अक्षराला ठेवलास?” अण्णांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

“व्हय, मालक.”

“समद्या मुलखात वाटलास.”

“चुकलं. मला वाटलं ते मागं ऱ्हातंय. दिसत न्हाई.”

अण्णांनी टोक भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि आत गेले. त्यांची काठी दाराआड असते. प्रभुलिंग शिडीवरून उतरला नाही. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं, आणि मला त्याच्या डोळ्यांत माझीच भीती दिसली. आत भांड्यांचा, डब्यांचा आवाज झाला.

अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काठी नव्हती. जुना, गंजलेला, रंगानं काळा झालेला पत्रा होता. आमच्या दुकानाचा साचा. तो त्यांनी उलटा केला. मागल्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं बारीक नाव अजून वाचता येत होतं.

“तुझा बाप हा देऊन गेला तवा मी इचारलो त्याला, हे काय म्हणून,” अण्णा म्हणाले. “लाजला. म्हणला, मालक, म्होरं तुमचं नाव, मागं माझ्या जल्माच्या जोडीचं.” त्यांनी पत्र्यावरून अंगठा फिरवला. “म्हणून काल वाचलो तवा मला कुणी सांगायची गरज लागली न्हाई. तू मस्करी केलास का जल्माचं लिवलास, एवढंच बघायचंय. नाव घे तिचं. तोंडानं.”

यार्डात तुरीच्या ढिगावर चिमण्या भांडत होत्या. प्रभुलिंगनं एका हातानं शिडी घट्ट धरली. मला वाटलं, आता हा शिडीवरून पडणार.

“दीपमाला,” तो म्हणाला.

हळू म्हणाला, पण स्पष्ट. समोरचे दोन हमाल पोतं तसंच धरून थांबले. माझं नाव मी जन्मभर ऐकत आले होते. इतकं उघड्यावर कधी ऐकलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. ही शांतता मात्र फिरली नाही, जागच्या जागी उभी राहिली. मग त्यांनी खिळ्यावरचं सूत सोडवलं, आणि तेव्हा मला दिसलं. सुताचं टोक त्यांच्या बोटांत थडथडत होतं. ज्या माणसाला आम्ही सगळे भ्यायचो, तो रात्रभर कशाला भीत बसला होता, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

“ज्योतीच्या वक्ताला मी मान हलवलो,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “ती आता मला अण्णा म्हणून फोन करत न्हाई.”

त्यांनी टोक माझ्यापुढं धरलं.

“धर. माझा हात थरथरायलाय, रेघ वाकडी यील.” मग शिडीकडे बघून, “आन् तू, येत्या सोमवारी गंगव्वांना घिऊन ये घरी. आधी त्येंच्याशी बोलतो. त्यांचं काय म्हणणं हाय, तुमच्या घरच्यांचं काय, ते ऐकतो. लोक बोलतेल. बोलू देत, पर मला आधी ऐकू दे.”

मी टोक भिंतीला दाबलं. सूत ताणलं गेलं, आणि त्याच्या टोकाचं सगळं माझ्याकडं आलं. तो अजून घाबरलेला होता. मीही होते. सोमवार यायचा होता, गंगव्वा काय म्हणतील ते कळायचं होतं, काका यायचे होते, यार्ड संध्याकाळपर्यंत बोलणार होतं. त्यानं सूत ओढलं, सोडलं — फट्.

निळीचा धुरळा खाली बसला. अण्णा मागं सरले, डोळे बारीक करून रेघ बघितली.

“वाकडीच आली की रे.”

“राहू द्या, अण्णा,” मी म्हणाले. “हाताची वाटतीय.”